लग्न झालंय का?

वाडीवरून, मुरबाड
९ मार्च २०२५

प्रेमा,

पत्र बघून घाबरू नको, कुणी मेलं नाय. फोन केला असता, पण घरात फोन एकच आणि तो आला की स्पीकरवर लागतो. मग अर्धी वाडी ऐकते. माझं बोलणं अर्ध्या वाडीला ऐकवायचं नाय. सुदाम तुमच्या शहापूरच्या बाजूला गोडाऊनला कामाला लागलाय, रविवारी गावी येतो. पत्र त्याच्या हाती देते, उत्तर पण त्याच्याच हाती दे. बहिणीचं पत्र फोडून वाचायची त्याला सवय नाय, तेवढा चांगला आहे.

तू आता औषधाच्या दुकानात बसतेस, शिकून बसतेस, म्हणून तुला विचारते. आश्रमशाळेत तुमी सगळ्या मला 'वाटाणे' म्हणायच्या, आठवतं ना? ते वाटाणे गेले नाय. आता त्यांची बोरं झालीत. हनुवटीवर, दोन्ही गालांवर. दाबली की पू, नाय दाबली की रात्रभर ठणका. मसुराचं पीठ लावलं, लिंबू लावलं, दात घासायची पेस्ट लावली. मग बाजारातून गोरी व्हायची ट्यूब आणली. पहिला महिना तोंड काचेसारखं. मग एक दिवस लावली नाय तर आग, आणि लावली तर आणखी बोरं.

पुढच्या फाल्गुनात लग्न करायचं ठरतंय, म्हादूशी. म्हादू काय बोलत नाय, त्याला माझं तोंड कसंही चालतं. पण परवा त्याची मावशी चार बायकांत म्हणाली, "नवरीच्या तोंडावर नाचणी पेरलीय काय रे?" सगळ्या हसल्या. मी पण हसले. मग सरपणाला जायचं निमित्त काढून रानात जाऊन रडले.

काय तरी सांग.

तुझी भिमी


शहापूर
१७ मार्च २०२५

भिमी,

पत्र मिळालं. मुद्द्याचं आधी लिहिते.

ती ट्यूब आजपासून बंद. तू लिहिलंस त्यावरून तिच्यात स्टेरॉइड असणार. बंद केल्यावर काही दिवस चेहरा आणखी लाल होईल, आग होईल. ते होणारच आहे. घाबरून पुन्हा लावू नको.

लिंबू, पेस्ट, पीठ बंद. चेहरा दिवसातून दोनदा साध्या साबणाने धुवायचा. घासायचा नाही, टॉवेलने टिपायचा. दाबायचं तर अजिबात नाही. दाबल्याने पू बाहेर येतो तेवढाच आतही जातो, आणि खड्डा कायमचा राहतो.

पुटकुळ्या अस्वच्छपणामुळे येत नाहीत. तुझं काही चुकलेलं नाही. या वयात त्वचेखाली तेल जास्त तयार होतं, छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात. कुणाला कमी होतं, कुणाला जास्त.

पण पाच-सहा वर्षं टिकलेल्या, आतून गाठी झालेल्या पुटकुळ्या माझ्या सल्ल्याने जाणार नाहीत. आमच्या दुकानावर दवाखाना आहे, तिथे काही बुधवारी त्वचेचे डॉक्टर येतात. २ एप्रिलला आहेत. ये.

मावशीच्या शेतीच्या ज्ञानाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

प्रेमा


वाडीवरून
६ एप्रिल २०२५

प्रेमा,

पांढरा कोट घालून तू कशी गो दिसतेस! मी दोनदा तुझ्या समोरून गेले, ओळखलंच नाय. आणि ओळखल्यावर तरी काय, तू "पुढे या" म्हणालीस. पुढे या! माझ्या डोक्यातल्या उवा काढणारी तू, आणि मला 'या' म्हणतेस.

डॉक्टर चांगला वाटला. बोलतो कमी. तोंडाकडं बघितलं, रक्त काढायला लावलं, वजन केलं. विचारलं, लग्न झालंय का. म्हटलं, नाय. त्यानं लिहिलं. खाली आले तर तू पण तेच. काउंटरला चार माणसं उभी, एक म्हातारा तर कान लावून. तू मान वर न करता म्हणालीस, "लग्न झालेलं नाही ना?" मी म्हटलं, "नाय गो, तुला सांगितल्याशिवाय करीन काय? फाल्गुनात आहे." म्हातारा हसला. तू हसली नाय. पाकिटावर 'रात्री जेवणानंतर एक' लिहिलंस आणि पुढच्या माणसाकडं बघितलंस.

तुला राग आला काय? शहाण्या माणसांत तुझी गावंढळ मैत्रीण आली म्हणून?

गोळी चालू केली. दुधात बुडवलेल्या करवंदाच्या बीसारखी दिसते.

भिमी


शहापूर
२१ जून २०२५

भिमी,

राग आला नव्हता. दुकानात मी कुणाशीच बोलत नाही. हे मी तुला त्याच आठवड्यात लिहायला हवं होतं.

मधे माल आला नव्हता, म्हणून तिसऱ्या महिन्याच्या गोळ्या उशिराने सुदामच्या हाती पाठवते. ओठ फुटतील, त्यांना तूप किंवा व्हॅसलीन लाव. नाक कोरडं पडेल, डोळे चुरचुरतील. उन्हात लावणीला जाताना चेहऱ्यावर ओढणी घे. सुरुवातीला पुटकुळ्या वाढल्या असतील तर ते गोळीचंच काम आहे, सोडू नको. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले आहेत, तेवढे पूर्ण कर.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. चेहरा निवळला की वाडीतल्या पोरी तुझ्याकडे गोळी मागतील. कुणाला द्यायची नाही. तुझ्या वहिनीला तर मुळीच नाही. ही गोळी लग्न झालेल्या बाईसाठी नाही.

तुझा चेहरा मला पाहायचा आहे. कधी आलीस तर दुकान बंद झाल्यावर ये. चहा पिऊ.

प्रेमा


वाडीवरून
१४ सप्टेंबर २०२५

प्रेमे,

बस आधी. उभी राहून वाचू नको.

पहिली बातमी. तोंड निवळलं! एक बोर नाय. खड्डे आहेत थोडे, पण हात फिरवला की गाल माझा वाटत नाय. मावशी गोवऱ्या थापत होती, मला बघून म्हणाली, "ही कुणाची गो पोर?" मी म्हटलं, "नाचणी काढली, आता जमीन मोकळी आहे." ती अशी हसली की हातातला शेणाचा गोळाच पडला.

दुसरी बातमी. मला दिवस गेलेत. दोन महिने पाळी नाय. आशाताईंनी तपासलं, पक्कं आहे. म्हादू वेडा झालाय. गेल्या दिवाळीपासून मी त्यांच्याच घरात आहे, तर ठकू आत्या, म्हणजे त्याची आई, रोज वाट बघायची, आता रोज सकाळी भाकरीवर गूळ ठेवते. फाल्गुनात लग्नाला उभी राहीन तेव्हा पोट एवढं असेल! म्हादू म्हणतो, वरातीत दोघांच्या भाड्यात तिघं जाऊ.

वहिनीनं गोळी मागितली होती. दिली नाय. तू बजावलंस ना, लग्न झालेल्या बाईला नाय. तिच्या तोंडावर सांगितलं, माझं झालं की मी पण बंद करीन. आता पाचवं पाकीट संपत आलंय, सहावं पाठव.

पोरगी झाली तर तुझं नाव ठेवू काय? नको, तुझ्यासारखी गप बसायची.

तुझी भिमी


शहापूर
१५ सप्टेंबर २०२५

भिमी,

गोळी आत्ता बंद कर. हे वाचल्यावर एकही घ्यायची नाही. उरलेल्या सुदामकडे परत दे. मी त्याला कामावर जाऊ न देता परत पाठवते आहे.

तू मला सांगितलंस लग्न झालेलं नाही. मी तुला स्पष्ट विचारलं होतं. डॉक्टरांनीही विचारलं होतं. खोटं का बोललीस?

ही गोळी पोटातल्या मुलाला बाधते. लगेच ये. मी सुट्टी काढते.

प्रेमा


वाडीवरून
१६ सप्टेंबर २०२५

प्रेमा,

मी खोटं बोलले नाय.

लग्न झालेलं नाय. अजून पण नाय. मांडव पडला नाय, हळद लागली नाय, ढोल वाजला नाय. मग हो कशी म्हणू? माझ्या घरी बोलणी झाली, लुगडं आलं, माणसं जेवली, मी म्हादूकडं राहायला आले. लग्न भात घरात आलं, खर्चाला पैसा झाला की. तुला हे सांगायला लागतं काय? तू कुठल्या गावची?

सुदाम आला तेव्हा आमी सगळी अंगणात होतो. त्याच्या तोंडाकडं बघून ठकू आत्या म्हणाली, कोण गेलं रे? मी पत्र आत नेऊन वाचलं. बाहेर येऊन सांगितलं, प्रेमाची आई आजारी आहे. आता तुझ्या आईला बरी कर.

गोळ्या परत देते. बंद केली.

बाधते म्हणजे काय? तू अर्धं लिहितेस. सगळं लिही. मला वाचता येतं.

भिमी


शहापूर
१८ सप्टेंबर २०२५

भिमी,

तू खोटं बोलली नाहीस. मी तसं लिहिलं ते चूक होतं.

सगळं लिहिते. या गोळीवर असताना पोट राहिलं तर काही वेळा मूल पोटातच जातं. काही मुलं व्यंग घेऊन येतात. कान नीट होत नाहीत, हृदयात दोष राहतो, मेंदूची वाढ चुकते. आणि काही मुलं पूर्ण चांगली जन्मतात. तुझं कोणतं, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. अठराव्या आठवड्याच्या पुढे मोठी सोनोग्राफी करतात, तिच्यात बरंच कळतं. सगळं कळत नाही. त्याच्या आधी थांबवायचं असेल तर तेही होतं, कायद्याने होतं, आणि लवकर केलं तर तुझ्या शरीराला त्रास कमी. ठरवायचं तू. मी दोन्हीकडे तुझ्याबरोबर येईन.

तू विचारलंस, तू कुठल्या गावची. उंबरमाळीची. माझ्या आईबापाचं लग्न मी तीन वर्षांची असताना झालं. आईला हळद लागली तेव्हा मी तिच्या मांडीवर होते, बायकांनी माझ्याही गालांना लावली. फोटो होता. कॉलेजात मी तो कुणाला दाखवला नाही. तिथल्या मुली हसल्या असत्या, किंवा हसल्या नसत्या तरी मला तसं वाटलं असतं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, की मग ते माझंही राहिलं नाही.

विचारायचं होतं ते हे: कुणासोबत निजतेस का, पोट राहण्याची शक्यता आहे का. पुस्तकात असंच आहे. चार माणसांपुढे तो शब्द तोंडातून निघेना म्हणून 'लग्न' म्हणाले. शहापुरात त्याचा तोच अर्थ होतो. वाडीत होत नाही, हे त्या सगळ्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

आई बरी आहे.

प्रेमा


वाडीवरून
१२ ऑक्टोबर २०२५

प्रेमा,

इतके दिवस लिहिलं नाय, कारण लिहिलं की ठरवावं लागलं असतं.

ठेवते. थांबवायचं तर म्हादूला सांगावं लागेल का थांबवतो, आणि तो रोज रात्री पोटाला तोंड लावून बोलतो. काय बोलतो माहीत आहे? भाताचा भाव सांगतो.

तू लिहिलंस, काही चांगली जन्मतात. मी तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा वाचते. बाकीची दुमडून ठेवते. कानाचं म्हणालीस. आमच्या वाडीत जैतू आहे, त्याला ऐकू येत नाय, पण पाखरू कुठं बसलंय ते सगळ्यात आधी त्याला कळतं. कान नसले तर मी हातानं बोलेन. हृदयाचं ऑपरेशन होतं, रेडिओवर ऐकलंय. मेंदूचं मी वाचत नाय.

सोनोग्राफीला येईन. म्हादू पण येणार म्हणतो. त्याला वाटतं, फोटो काढायचाय.

तुझ्यावर राग आहे काय, ते मला अजून कळलं नाय. कळलं की सांगेन.

भिमी


शहापूर
३० नोव्हेंबर २०२५

भिमी,

घरी पोचून तुला आठवडा झाला. सुदाम म्हणाला, तू उठून बसतेस, पण जेवत नाहीस. दूध आलं असेल तर छाती घट्ट बांध, दाबून काढू नको. गोळी दिली आहे ती जेवून घे. ताप आला किंवा रक्त जास्त गेलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. माझ्या पत्राची वाट बघू नको.

ठाण्याच्या दवाखान्यात मी तुझ्याशी काहीच बोलले नाही. डॉक्टरांशी बोलले, म्हादूशी बोलले, कागद भरले. तुला वाटलं असेल, हिला काही नाही. पडद्यावर मला तुझ्या आधी दिसलं. मी तसल्या आकृत्या पुस्तकात पाहिल्या आहेत. डोक्यात पाणी होतं. मेंदूचा मागचा भाग नीट झाला नव्हता. कानांच्या जागी काही नव्हतं. हृदयात दोष आहे, हे डॉक्टर दोनदा म्हणाले, ते तुम्हा दोघांना दुसऱ्यांदा कळलं. मी ओठ आवळून उभी होते, कारण मी रडले असते तर म्हादूने मला विचारलं असतं, तू का रडतेस.

कागद भरताना नर्सने विचारलं, लग्न झालंय का. तू माझ्याकडे पाहिलंस. मी 'हो' म्हणाले. तू मान खाली घातलीस. ते एवढं सोपं होतं.

तुम्ही थांबवायचा निर्णय घेतलात तो तुमचा होता, आणि बरोबर होता. बाहेर बाकावर म्हादू मला म्हणाला, "ताई, आमचं काय चुकलं?" मी म्हणाले, "काही नाही." तो म्हणाला, "मग कुणाचं?" मी पाणी आणायला गेले.

मी येते. त्याला आणि ठकू आत्यांना मी सांगणार आहे. गोळी मी दिली आणि प्रश्न मी चुकीचा विचारला, हे त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

प्रेमा


वाडीवरून
७ डिसेंबर २०२५

प्रेमा,

येऊ नको.

इथं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. भादव्यात चंद्राला ग्रहण लागलं त्या रात्री मी अंगणात गेले होते, विळीवर काकडी चिरली होती. ठकू आत्यानं तेव्हाच ओरडून आत बोलावलं होतं. आता ती म्हणते, मी सांगितलं होतं, ऐकलं नाय. मावशी पण तेच म्हणते. पण रागानं नाय म्हणत गो. म्हणतात, पोर आहे, चुकली, पुढच्या वेळी जपू. ठकू आत्या माझं डोकं मांडीवर घेऊन तेल लावते आणि ग्रहणाला शिव्या देते.

तू येऊन काय सांगशील? गोळी दिली म्हणून? मग त्या विचारतील, कसली गोळी? तोंडाची. तोंड चांगलं दिसावं म्हणून हिनं गोळ्या खाल्ल्या आणि पोर घालवलं. ग्रहणाची चूक एका रात्रीची आहे. ही चूक मी मरेपर्यंत माझ्या तोंडावर दिसेल, सगळ्यांना, रोज. मावशी हसणार नाय तेव्हा. आणि म्हादू पोटाला तोंड लावायचा नाय पुन्हा.

तुला सांगून हलकं व्हायचंय. मला कळतं. पण तुझं ओझं माझ्या अंगणात ठेवू नको.

मुलगी होती. म्हादूनं ओढ्याच्या पलीकडं पुरली. मला जागा दाखवली नाय.

भिमी


शहापूर
१५ डिसेंबर २०२५

भिमी,

येत नाही. सांगतही नाही.

ग्रहणाने काही होत नाही, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत आले. आता कुणी विचारलं की मी पुढच्या माणसाकडे बघते.

प्रश्न बदलला आहे. आता काउंटरच्या आत बोलावून, दार लावून विचारते, सरळ शब्दात. परवा एक मुलगी संतापली, तिच्या आईने आरडाओरडा केला, मालकांनी मला समज दिली. मी पुन्हा तसंच विचारणार आहे. हे तुला दिलासा म्हणून लिहीत नाही. त्याने तुला काहीही परत मिळत नाही, मला माहीत आहे.

पुढचं मूल राहायला आता गोळीची आडकाठी नाही. ती शरीरातून पूर्ण गेली आहे. फक्त तुझं शरीर भरून येऊ दे, आणि त्याआधी डॉक्टरांना भेट. हे मात्र नक्की आहे, म्हणून लिहिते.

राग कळला की सांग.

प्रेमा


वाडीवरून
२२ फेब्रुवारी २०२६

प्रेमा,

लग्न आठ तारखेला. ये.

राग कळला. आहे. डॉक्टरवर आहे, तुझ्यावर आहे, त्या कान लावून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यावर पण आहे, तो नसता तर तू नीट विचारलं असतंस. सगळ्यात जास्त माझ्यावर आहे, आणि तो कुणापुढं काढता येत नाय. ज्याच्यापुढं काढता येईल असं माणूस एकच आहे, म्हणून ये म्हणते. माफ केलं म्हणून नाय.

मला दोन दिवस आधी आईकडं नेतील आणि तिथून वाजत म्हादूच्या घरी आणतील, जिथून नेलं तिथंच. बायका माझ्या गालाला हळद लावतील आणि विचारतील, कशानं गो निवळलं तोंड? तू गप बस. तुला गप बसता येतं.

इकडं घरात मला रडता येत नाय. रडले की ठकू आत्या पदरानं डोळे पुसते, म्हणते, पुरे आता, होईल दुसरं. म्हादू उठून ओढ्याकडं जातो. आईकडून निघताना मात्र नवरी रडायचीच असते. ढोल वाजत असतात, सगळ्याच रडतात, कुणी पुरे म्हणत नाय, कुणी विचारत नाय कशासाठी. तेवढ्याचसाठी मी त्या दिवसाची वाट बघतेय.

तेव्हा माझ्या बाजूला उभी राहा. तुला पण रडून घेता येईल.

भिमी